इशाऱ्याच्या दिव्यांची निगराणी

दिल्लीतील सफदरजंग विमानतळाच्या दक्षिणेकडे लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव लाभलेल्या या वसाहतीच्या आसपास सरोजिनी नगर आणि किडवई नगर पसरले आहे. जवळून श्री अरविंद मार्ग उत्तर-दक्षिण जातो आणि थोडे खाली, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेपाशी, तो रिंग रोडला मिळतो. वसाहतीतले रस्ते झाडीचे आणि पुष्कळसे शांत आहेत. परंतु ब्रिगेडियर होशियारसिंग मार्गाने बाहेर पडणाऱ्या सायकलस्वाराला काही मिनिटांतच राजधानीतील अत्यंत गजबजलेल्या रस्त्यांशी गाठ घालावी लागते. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचविणारे, रात्रपाळी संपवून घरी परतणारे पहारेकरी, आय. एन. ए. बाजारातील दुकानांत काम करणारे मदतनीस, बांधकामावरचे गवंडी आणि सुतार हे येथले सायकलस्वार. हौसेखातर सायकल चालविणारे त्यांत थोडे. बसभाडे वाचवावे लागते म्हणून चालविणारेच अधिक. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंजुरी दिली. त्यानंतर या परिसरातील रस्त्यांवर बांधकामाचा माल वाहणाऱ्या अवजड गाड्यांचीही भर पडली.

अशा रस्त्यावर सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका कोठे असतो? सरळ, मोकळ्या रस्त्यावर तो असतोच. पण त्याहून अधिक तो चौकातील डाव्या वळणापाशी असतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि सायकलस्वार रस्त्याची डावी कड धरून जातो. मोठ्या चौकात डावीकडे वळणाऱ्या मोटारींसाठी बहुधा न थांबता जाण्याची वेगळी गल्ली ठेवलेली असते. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला ही गल्ली आडवी ओलांडावी लागते. मोटारचालकाची नजर त्या क्षणी उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर खिळलेली असते, आणि सायकल त्याच्या डाव्या अंगास असते. दोघांपैकी कोणीही बेफिकीर नसताना अपघात घडू शकतो, तो येथे.

या जागी रस्त्याच्या कडेला जो फलक उभारतात, तो वाचकाच्या परिचयाचा आहे. तांबड्या किनारीचा पांढरा त्रिकोण आणि मध्ये काळ्या रंगात सायकलचे चित्र, म्हणजे पुढे सायकली रस्ता ओलांडतात, सावध राहा. भारतातील रस्त्यांवरील चिन्हांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरविते. साधा फलक दिवसा दिसतो. रात्री मोटारीच्या दिव्यांचा प्रकाश त्याच्या परावर्तक पृष्ठभागावरून माघारी फिरतो, म्हणून दिसतो. मात्र हा फलक वर्षभर, चोवीस तास एकच गोष्ट सांगत राहतो. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या चालकाला तो लवकरच दिसेनासा होतो; डोळ्यांना दिसतो, मनाला दिसत नाही. म्हणून त्याला विजेच्या दिव्याची जोड देण्याची कल्पना निघाली. अगदी साध्या रूपात हा मिनिटाला ५० ते ६० वेळा लुकलुकणारा पिवळा दिवा असतो. अधिक प्रगत रूपात दिवा एरवी विझलेला असतो आणि सायकल येत असेल तेव्हाच पेटतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात समुद्रकाठच्या महामार्गावर आर्च केप नावाचा बोगदा आहे. तेथे आत शिरण्यापूर्वी सायकलस्वार खांबावरील बटण दाबतो, तोंडापाशी दिवे लुकलुकू लागतात आणि मागून येणाऱ्या चालकाला बोगद्यात सायकल असल्याचे कळते. ठरावीक वेळाने दिवे आपोआप विझतात.

हा दुसरा प्रकार अधिक परिणामकारक आहे, यात शंका नाही. इशारा नेमका असला की तो मानला जातो. परंतु याच नेमकेपणातून एक नवी अडचण उद्भवते, आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय तीच आहे. दिवा पेटला तर सायकल आहे, असे चालक शिकतो; त्याबरोबरच दिवा विझलेला असेल तर सायकल नाही, असेही तो नकळत शिकतो. दिवा नादुरुस्त होऊन विझला, तरी चालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ बदलत नाही. बिघडलेला दिवा गप्प बसत नाही. तो खोटे सांगतो, आणि त्या खोट्याची किंमत सायकलस्वार मोजतो.

रेल्वेच्या अभियंत्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ मध्ये रुळांमधून क्षीण विद्युत्प्रवाह खेळविण्याची युक्ती शोधून काढली. रुळावर गाडी आली की तिच्या चाकांतून प्रवाह आडवा वळतो आणि सिग्नल 'धोका' दाखवितो. या युक्तीची खरी थोरवी अशी की रूळ तुटला, तार निसटली किंवा बॅटरी संपली, तरीही प्रवाह बंदच पडतो आणि सिग्नल 'धोका'च दाखवितो. यंत्र बिघडले तर ते सुरक्षित बाजूला बिघडावे, हे त्यामागचे तत्त्व होय. रस्त्यावरील इशाऱ्याच्या दिव्याला हे तत्त्व पूर्णपणे लावता येत नाही, कारण तेथे 'पेटलेला' म्हणजे धोका आणि 'विझलेला' म्हणजे निर्धोक असा उलटा संकेत आहे. वीज गेली की दिवा नेमका चुकीच्या बाजूला बिघडतो. रेल्वेत जे काम रचनेने साधले, ते येथे माणसाच्या निगराणीने साधावे लागते.

दिवा आणि सूर्य

रस्त्यालगतचे असे बहुतेक दिवे आता सौर विजेवर चालतात, कारण प्रत्येक खांबापर्यंत तार नेण्यासाठी रस्ता खणणे महाग पडते. भारतात या उद्योगाचा पाया दिल्लीच्या परिसरातच घातला गेला. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९७४ मध्ये स्थापन झाली. देशातील पहिला सौर घट तिने १९७७ साली आणि पहिले सोलर पॅनेल १९७८ साली तयार केले. पॅनेल, बॅटरी, तिच्या भरण्यावर नियंत्रण ठेवणारे मंडल आणि एल. ई. डी. दिवा एवढाच या यंत्राचा संसार. हलणारा भाग एकही नाही. म्हणूनच एकदा बसविले की काम संपले, असा समज सहज होतो. तो खरा नाही.

हिशेब साधा आहे. दिवा ५ वॉटचा आहे आणि लुकलुकताना निम्मा वेळ पेटतो असे धरू. डिसेंबरमध्ये दिल्लीची रात्र जवळजवळ १४ तासांची असते. दिवा रात्रभर लुकलुकला तर त्याला ३५ वॉट-तास ऊर्जा लागेल. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे सुमारे ३ अँपिअर-तास झाले. आता याच दिवसांत दिल्लीवर धुके आणि धूर यांचे पांघरूण पडते, आणि ओळीने पाच दिवस पॅनेलला पुरेसे ऊन न मिळणे मुळीच अशक्य नाही. तेव्हा १५ अँपिअर-तास साठा हवा. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी होऊ देणे तिच्या आयुष्याला घातक असते, म्हणून ३० अँपिअर-तासांची बॅटरी बसविली पाहिजे. वर्षाच्या सरासरी उन्हावर हिशेब केला तर याच्या निम्म्या बॅटरीनेही भागेल असे वाटते आणि निविदा स्वस्त होते. पण सरासरी दिवशी माणूस गाडीखाली सापडत नाही. ज्या आठवड्यात दिसणे सर्वांत कठीण, त्याच आठवड्यात दिवा सर्वांत अशक्त, असा हा योग आहे.

पॅनेलच्या कलाबाबतही असेच घडते. दिल्ली सुमारे साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभरात मिळून जास्तीत जास्त वीज हवी असेल तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तितक्याच अंशांनी कललेले असावे. परंतु इशाऱ्याच्या दिव्याला उन्हाळ्यात जास्तीची वीज मिळून उपयोग नाही. हिवाळ्यातील खाली उतरलेल्या सूर्यासाठी त्याला ४० ते ४५ अंशांचा कल द्यावा. एवढ्या उभ्या पॅनेलवर धूळही कमी साचते, हा आणखी एक लाभ.

मे-जूनमधील आंधीची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांच्या फांद्या हे पॅनेलचे तीन शत्रू. त्यांतील फांदीचे नुकसान लोकांना खरे वाटत नाही. नेहमीच्या पॅनेलमध्ये ३६ घट साखळीप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रवाह सर्वांमधून जावा लागतो. त्यामुळे एकाच घटावर सावली पडली तरी साऱ्या साखळीचा प्रवाह आखडतो. पर्यायी वाट देणारे डायोड बसविले तर नुकसान निम्म्यावर येते, पण टळत नाही. कडुनिंब आणि जांभूळ यांच्या सावलीसाठी नावाजलेल्या वसाहतीत खांब कोठे रोवावा, हा म्हणूनच विचार करण्याजोगा प्रश्न ठरतो. फेब्रुवारीत ज्या जागी भरपूर ऊन दिसले, तेथे पावसाळ्यानंतर नवी फांदी आलेली असते. झाड तोडणे हा उपाय नव्हे. २०१८ साली याच भागातील वृक्षतोड दिल्ली उच्च न्यायालयाने रोखली होती, आणि नागरिकांचा रोष योग्यच होता. खांब दहा पावले अलीकडे घेणे किंवा पॅनेल वेगळ्या उंच खांबावर नेणे अधिक शहाणपणाचे.

बॅटरीची तपासणी व्होल्टमापकाने होते. पूर्ण भरलेली, काही वेळ विसावलेली शिशाची बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती अर्धी उरलेली असते. तपासणी सूर्योदयाच्या सुमारास करावी. दुपारी पॅनेल बॅटरीत वीज भरत असल्यामुळे मेलेली बॅटरीही जिवंत असल्यासारखा आकडा दाखविते. सरकारी कामाची वेळ दहा ते पाच, आणि बॅटरी खरे बोलते ती पहाटे सहाला. अनेक तपासण्यांचे कागद निर्दोष असतात आणि दिवे विझलेले असतात, त्याचे एक कारण हे आहे.

उष्णता हा बॅटरीचा आणखी मोठा वैरी. तापमान दर १० अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. दिल्लीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लोखंडी पेटीच्या आत तो त्याहूनही वर जातो. बॅटरी जमिनीखाली पुरावी तर पावसाळ्यात पेटीत पाणी शिरते. खांबावर उंच बसवावी तर ती तापते आणि तपासायला शिडी लागते. हाताच्या उंचीवर ठेवावी तर चोरीला जाते. यांतून बिनचूक असा मार्ग नाही. पांढऱ्या रंगाची, दोन्ही बाजूंनी हवा खेळणारी, खांबाच्या उत्तर अंगास उंचावर बसविलेली पेटी ही त्यातल्या त्यात बरी तडजोड आहे.

दिव्याबद्दल थोडेच सांगायचे आहे. एल. ई. डी. फुटत नाही किंवा जुन्या बल्बासारखा एका क्षणात जात नाही. तो हळूहळू मंदावतो. पुढचे प्लॅस्टिकचे भिंग उन्हाने धुरकट होते. रोज पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे कोठारातील नवा कोरा दिवा सोबत नेऊन जुन्याशेजारी पेटवून पाहणे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही.

सायकल ओळखणारी तार

सायकल आल्याचे दिव्याला कसे कळते? बटण ही एक सोय; पण मालाने लादलेली सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकून बटण दाबणे प्रत्येकाला जमत नाही, आणि घाईच्या वेळी कोणी दाबतही नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी डांबरात अरुंद खाच पाडून तिच्यात तारेचे तीन-चार वेढे बसवितात. या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. वरून धातूची वस्तू गेली की त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्यामुळे वेटोळ्याच्या मंडलाची कंपनसंख्या किंचित वाढते. हा फरक टिपून यंत्र दिव्याला आज्ञा देते. धातूला लोहचुंबकाची ओढ असायला हवी असे नाही. ॲल्युमिनियमचे रिम असलेली सायकलही ओळखली जाते. वजनाचाही येथे संबंध नाही. मोटारीचे रुंद पोलाद वेटोळ्यावर मोठी खूण उमटविते, तर सायकलचे बारीक रिम जेमतेम जाणवते. सायकल तारेच्या नेमकी वरून गेली तर खूण स्पष्ट उमटते. वेटोळ्याच्या मधोमध गेली तर फार पुसट. म्हणून सायकलींसाठीचे वेटोळे तिरप्या तारांचे करतात, किंवा रस्त्यावर पांढऱ्या रंगाने सायकलचे चित्र काढून चाक कोठून न्यावे ते दाखवितात. हे चित्र पुसट झाले की वेटोळे शाबूत असूनही निकामी होते. तेव्हा रंगाचा डबा हादेखील या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या देखभालीचा भाग समजला पाहिजे.

येथेच निगराणीतील सर्वांत सूक्ष्म चूक घडते. समजा, वेटोळे शेजारच्या गल्लीतून जाणारी बसही टिपू लागले. मग दिवा विनाकारण पेटू लागतो. चालक तक्रार करतात, वाहतूक पोलीस तक्रार करतात, कारण दिवा त्यांना दिसतो. तंत्रज्ञ येतो, यंत्रावरील संवेदनशीलतेचा खटका एक-दोन घरे खाली आणतो, आणि दिव्याचे विनाकारण पेटणे थांबते. तक्रार मिटली, नोंदवहीत 'दुरुस्त' असा शेरा पडला. पण त्याच खटक्याने सायकलीही यंत्राच्या नजरेतून नाहीशा झाल्या. आता दिवा सायकलसाठी पेटत नाही, आणि याची तक्रार कोणी करीत नाही. दिवा आपल्यासाठी पेटायला हवा होता हे सायकलस्वाराला माहीतच नसते. मोटारीतील माणसाला खोट्या इशाऱ्याचा त्रास होतो आणि त्याचा आवाज पोहोचतो. सायकलवरील माणसाला न मिळालेल्या इशाऱ्याचा धोका असतो आणि त्याचा आवाज पोहोचत नाही. खटका या दोघांच्या मध्ये आहे. शेजारच्या गल्लीची बस टिपली जात असेल तर वेटोळ्याचा आकार किंवा जागा बदलावी लागते. ते काम एका दिवसाचे आहे, खटका फिरविण्याचे एका मिनिटाचे.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. अडकून बसलेला, रात्रंदिवस लुकलुकणारा दिवा निरुपद्रवी वाटतो. काही दिवसांतच मात्र 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी चालकांची अवस्था होते. म्हणून चांगल्या यंत्रात अशी योजना असते की वेटोळे तुटले तर दिवा सतत लुकलुकू लागावा. रॉबिन्सनच्या तत्त्वाचा एवढा अंश येथेही साधता येतो, आणि वर बॅटरीचा हिशेब रात्रभर लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी केला तो याचकरिता. मात्र ही सवलत थोड्या दिवसांची आहे. त्या मुदतीत तार बदलली नाही तर यंत्र सुरक्षित बाजूला बिघडूनही धोका उरतोच.

तार तुटण्याची कारणे आपल्या शहरांत ठरलेली आहेत. उन्हाने मऊ झालेले डांबर अवजड चाकांखाली सरकते आणि तार ताणली जाते. पावसाचे पाणी विद्युतरोधक आवरणाच्या बारीक चिरेतून आत शिरते; मग यंत्र पावसात बिघडते आणि ऊन पडले की आपोआप 'बरे' होते. अशा बिघाडाचा शोध लावायचा असेल तर तारेचा जमिनीशी असलेला विद्युतरोध मेगर नावाच्या उपकरणाने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजून दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावे लागतात. सर्वांत मोठे कारण मात्र रस्त्याची दुरुस्ती हेच होय. जुने डांबर खरवडणारे यंत्र एका फेरीत वेटोळे कापून नेते. दुसऱ्या दिवशी रस्ता गुळगुळीत असतो, मोटारींचा वेग वाढलेला असतो, आणि दिवा आंधळा झालेला असतो.

कोणाचा दिवा?

खरवडणाऱ्याला खाली तार आहे हे ठाऊक का नसते? याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये सापडत नाही. ते कचेऱ्यांच्या रचनेत आहे. लक्ष्मीबाई नगर हे नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येते. रिंग रोडसारखे मोठे रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. वाहतुकीचे दिवे वाहतूक पोलीस पाहतात. वसाहतीतील घरांची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची. सायकलस्वार दहा मिनिटांत या सर्वांच्या अंमलाखालून जातो. डांबर एकाचे, दिवा दुसऱ्याचा, झाडाची फांदी तिसऱ्याची. प्रत्येक कचेरी आपले काम नियमाप्रमाणे करूनही तार तुटू शकते. म्हणून रस्ता खरवडण्याच्या आदेशासोबत त्या तुकड्यातील सर्व तारांचा नकाशा जोडलाच पाहिजे, आणि वेटोळे पुन्हा घालण्याचा खर्च डांबरीकरणाच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. दिवा बसविण्याच्या निविदेत पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखवून ती दिवा चालू असल्याच्या दिवसांनुसार द्यावी, हेही तितकेच आवश्यक. उद्घाटनाला छायाचित्रकार येतात; बॅटरी बदलताना कोणी येत नाही.

कायद्यानेही याची काहीशी दखल घेतली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९८-अ समाविष्ट झाले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार अधिकारी संस्था, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. या संख्येपुढे दंडाची रक्कम किरकोळ वाटेल. तरीही अपघाताच्या चौकशीत चालक आणि सायकलस्वार यांच्यापलीकडे पाहण्याची सोय त्यामुळे झाली. दिवा त्या रात्री पेटत होता काय, शेवटची तपासणी कधी झाली होती, हे प्रश्न आता विचारता येतात. त्यांचे उत्तर मिळायचे असेल तर खांबावर क्रमांक आणि कचेरीत त्या क्रमांकाचे पान हवे. क्रमांक सायकलवरून उतरल्याशिवाय वाचता यावा एवढा मोठा, आणि कळविण्याचा दूरध्वनी त्याखालीच हिंदीत लिहिलेला असावा.

दिव्याकडून नको ती अपेक्षा धरली जाऊ नये, यासाठी जवळच्याच एका रस्त्याची आठवण येथे उपयोगी पडेल. रिंग रोडने पूर्वेकडे गेले की मूलचंदचा चौक लागतो. तेथून आंबेडकर नगरपर्यंतच्या ५.८ किलोमीटर रस्त्यावर एप्रिल २००८ मध्ये बससाठी राखीव मार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी वाट ठेवण्यात आली. या आखणीमागे अरविंद मार्गावरच हौज खास येथे असलेल्या आय. आय. टी.तील अभ्यासकांचा, विशेषतः दिनेश मोहन आणि गीताम तिवारी यांचा, विचार होता. जे आधीपासूनच रस्त्यावर आहेत त्यांच्यासाठी, म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी, रस्ता आखावा, असे त्यांचे म्हणणे. मोटारींना थांबावे लागते म्हणून या मार्गावर पुष्कळ टीका झाली आणि २०१६ मध्ये तो काढून टाकण्यात आला. त्या वादात बस आणि मोटार यांची बाजू मांडणारे अनेक होते. सायकलच्या वाटेबद्दल फार थोडे बोलले. वेगळी वाट हे सायकलस्वाराचे खरे संरक्षण आहे. इशाऱ्याचा दिवा तिची जागा घेऊ शकत नाही. जेथे वाट तुटते आणि मोटारीच्या मार्गाला छेद द्यावा लागतो, तेवढ्याच जागेचा तो राखणदार. तसेच विजेचा दिवा बसविला म्हणून तांबडा त्रिकोण काढून टाकणे ही मोठी चूक ठरते. वीज गेली, बॅटरी चोरीस गेली, तरी त्रिकोण उभा असतो. वर्षातून दोनदा तो साबणाच्या पाण्याने धुवावा आणि त्यावर चिकटविलेल्या शिकवण्यांच्या जाहिराती खरवडून काढाव्यात.

तपासणीचा दिवस

उत्तर भारतात या कामाचे वर्ष धुक्याच्या हिशेबाने आखावे. दाट धुके प्रायः डिसेंबरच्या उत्तरार्धात येते. दिवाळीच्या सुमारास धूर आधीच उतरलेला असतो. म्हणून मोठी तपासणी नोव्हेंबरच्या आत उरकावी, पॅनेल त्यानंतर दर पंधरवड्याने पुसावे, आणि जानेवारीत एकदा पहाटे बॅटरी मोजावी.

सायंतपासणीत तंत्रज्ञाने सूर्यास्तापूर्वी पोहोचून प्रथम काहीही न करता थांबावे. अंधार झाल्याची जाणीव असलेला प्रकाशसंवेदक वेळेवर काम सुरू करतो की नाही, हे पाहण्याचा दुसरा मार्ग नाही. नंतर मोटारी ज्या बाजूने येतात त्या बाजूला जाऊन मागे चालत जावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीला धोका ध्यानात येऊन पूर्ण थांबण्यास सुमारे ८० मीटर लागतात, ताशी ५० वेगाने ६० मीटर. तेव्हा ८० मीटरवरून दिवा निःसंशय दिसला पाहिजे. हवामानखाते ज्याला अतिदाट धुके म्हणते त्यात ५० मीटरपलीकडचे दिसत नाही. अशा पहाटे ओलांडण्याच्या जागी लावलेला एकच दिवा उशिरा सांगतो. त्याचा जोडीदार मोटारीच्या वाटेवर बराच अलीकडे हवा, आणि तपासणीत त्यालाही विसरू नये.

शेवटची परीक्षा वेळेची. वेटोळे ओलांडण्याच्या जागेपासून ३० मीटर अलीकडे आणि डाव्या वळणाची गल्ली ६ मीटर रुंद आहे असे समजू. ताशी १८ किलोमीटर वेगाने येणारा तरुण ६ सेकंदांत गल्लीपाशी पोहोचतो. मोटारीला ८० मीटर यायला पाच सेकंदांहून थोडे कमी लागतात, म्हणजे इशारा वेळेवर मिळतो. दुधाच्या बरण्या लादलेली सायकल मात्र ताशी ७ किलोमीटरने येते. तिला पलीकडे जायला साडेअठरा सेकंद हवेत. दिवा पंधरा सेकंदांनी विझत असेल तर तो तरुणासाठी उत्तम आणि दूधवाल्यासाठी घातक, कारण ती सायकल गल्लीत शिरत असताना दिवा नेमका विझतो. म्हणून मुदत वीस सेकंदांहून कमी नसावी. ही परीक्षा मोटारसायकलवर बसून घेतली तर तिचे जाड धातू पाहून वेटोळे हमखास जागे होते आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. तंत्रज्ञाने बाजारातून आणलेली जुनी, साधी सायकल घ्यावी, मागच्या कॅरियरवर हत्यारांची पेटी बांधावी, आणि चित्र काढलेल्या जागेवरून एकदा, मग कडेने एकदा, असे संथपणे जाऊन मागे वळून पाहावे.